उद्योगनगरीतला क्रॉस पॉम

पिंपरी, भोसरी, निगडी, मोशी, चाकण या पट्ट्यातल्या घरांत दिसणारा पाच ते दहा किलोंचा, दाट केसांचा, पाठीवर वळलेल्या शेपटीचा कुत्रा 'पॉम' या नावाने ओळखला जातो. बहुतेक वेळा तो पॉमेरेनियन नसतो. खरा पॉमेरेनियन साडेतीन किलोंच्या आत राहतो. भारतात गेली चार-पाच दशके त्या नावाने विकला गेलेला कुत्रा म्हणजे इंडियन स्पिट्झ. इंग्रजांच्या काळात आलेल्या जर्मन स्पिट्झचा हा इथल्या हवेला सरावलेला वंशज. १९९४च्या 'हम आपके हैं कौन' चित्रपटातला टफी याच जातीचा होता आणि त्याने या जातीची हौस आणखी वाढवली. पुढे हे कुत्रे गावठी कुत्र्यांशी, अलीकडे शिह त्झू आणि ल्हासा अप्सोशी मिसळत गेले. आज ज्याला मालक 'क्रॉस पॉम' किंवा नुसते 'मिक्स' म्हणतात, त्याचे आईबाप कोण याचा खात्रीचा पुरावा क्वचितच असतो.

नुसते बघून अंदाज करणेही व्यर्थ आहे. दिसण्यावरून सांगितलेली जात डीएनए चाचणीशी ताडून पाहिली, तेव्हा प्राण्यांच्या निवाऱ्यांत काम करणारे अनुभवी लोकही वारंवार चुकलेले आढळले आहेत. रंग, कान, केस ठरवणारी जनुके थोडी असतात, त्यामुळे एखाद्या पिढीत स्पिट्झचे रूप येते आणि बाकी सगळा कुत्रा गावठीच असतो. लहान आकाराचे गणित त्या मानाने स्पष्ट आहे. कुत्र्यांच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या आयजीएफ-१ या जनुकाचा एक प्रकार लहान शरीराशी निगडित असल्याचे २००७ साली दाखवले गेले. हाच प्रकार ५४ हजार वर्षांपूर्वीच्या सैबेरियातल्या लांडग्यातही होता, असे २०२२ साली निष्पन्न झाले. लहान कुत्रा ही माणसाने अलीकडे घडवलेली चैनीची वस्तू आहे, ही समजूत त्यामुळे अर्धवटच ठरते.

स्वभावाबाबत जातीचा आधार आणखी कच्चा आहे. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होऊ शकला. मिश्र कुत्र्याच्या बाबतीत 'पॉम भुंकतोच', 'गावठी रक्त आहे, चावणारच' ही वाक्ये त्यामुळे फारशी कामाची नाहीत. स्पिट्झसारखे दिसणारे कुत्रे चटकन भुंकतात हे खरे, पण ते कशावर भुंकतात, किती वेळ आणि थांबवल्यावर थांबतात का, हे घर ठरवते.

त्यातही पहिले तीन महिने सर्वांत वजनदार. पिल्लाच्या आयुष्यातला तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखी करून घेण्याचा असतो, हे जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ सालच्या त्यांच्या ग्रंथात तपशिलाने मांडले. या काळात जे माणूस, प्राणी, आवाज, स्पर्श पिल्लाला भीती न वाटता भेटतात, ते पुढे त्याला साधे वाटतात. जे भेटत नाहीत, ते कायमचे संशयास्पद. औद्योगिक पट्ट्यातल्या पिल्लाला या यादीत बरेच काही लागते: लिफ्टचा दरवाजा, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, कुकरची शिट्टी, रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकचा भोंगा, नाशिक रस्त्यावरचे कंटेनर, वारीच्या दिवसांतले टाळ-मृदंग, गणपतीतले ढोल. मात्र याच काळात त्याच्या लसी पूर्ण झालेल्या नसतात. म्हणून जमिनीवर न सोडता कडेवर किंवा पिशवीत घेऊन फिरवणे हा मार्ग. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवणारे कुटुंब एका आजारापासून त्याला वाचवते आणि भित्रेपणाच्या हवाली करते. आईपासून लवकर तोडलेले पिल्लू दाताचा जोर आवरायला शिकत नाही. २०१७च्या केंद्रीय नियमांनी आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला बंदी घातली आहे. तरी रस्त्याकडेला टोपलीत पाच आठवड्यांची पिल्ले विकायला बसलेला माणूस दिसतोच. त्याच्याकडून 'दया येऊन' घेतलेले पिल्लू म्हणजे त्याच्या पुढच्या टोपलीची आगाऊ रक्कम.

लहान कुत्र्यांच्या बाबतीत एक चूक घरोघरी होते. अल्सेशियन गुरगुरला तर घर हादरते. सहा किलोंचा कुत्रा गुरगुरला तर त्याचा व्हिडिओ निघतो. त्याला खाताना उचलतात, झोपेत कुरवाळतात, मुले त्याला बाहुलीसारखी ओढतात. मान वळवणे, ओठ चाटणे, जांभई देणे, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणे या त्याच्या सगळ्या सूचना दुर्लक्षित झाल्या की शेवटची सूचना दातांची असते. गुरगुरण्याबद्दल मारले तर कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि थेट चावतो.

या भागाचा खास प्रश्न शिफ्टचा आहे. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२नंतर एमआयडीसीने जमीन कारखान्यांखाली आणली, पुढे चाकणच्या टप्प्यांत वाहन कारखाने उभे राहिले. इथल्या हजारो घरांचे घड्याळ पाळीवर चालते आणि अनेक ठिकाणी ती पाळी आठवड्याला बदलते. कुत्र्याला तास कळत नाहीत, पण क्रम पक्का कळतो. युनिफॉर्म घातला, डबा भरला, बूट वाजले, कंपनीची बस आली: एवढ्यावरून तो एकटेपणाची तयारी किंवा आकांत सुरू करतो. पाळी बदलली की हा क्रम दिवसाच्या भलत्याच वेळी येतो. अशा घरात वेळा सांभाळण्याचा अट्टहास निष्फळ असतो, साखळी सांभाळावी. उठणे, बाहेर नेणे, खाणे, थोडा खेळ, मग झोप हा क्रम पहाटे पाचला असो वा दुपारी एकला, तसाच राहिला तर कुत्रा बऱ्यापैकी जुळवून घेतो. दोन जेवणांपैकी निदान एक जेवण शिफ्ट नसलेल्या माणसाने, बहुधा घरातल्या आजीने किंवा शाळकरी मुलाने, ठरल्या वेळी द्यावे.

नाईट करून आलेला माणूस सकाळी झोपतो आणि नेमकी तेव्हा सोसायटी जागी होते. दूधवाला, कचऱ्याची गाडी, घंटी. या भुंकण्यावर ओरडणे म्हणजे कुत्र्याच्या लेखी मालकानेही भुंकणे. दाराची घंटी वाजली की चटईवर जाऊन बसायचे आणि तिथेच खाऊ मिळतो, एवढी एक सवय दोन-तीन आठवडे रोज पाच मिनिटे घटवली तर बराच फरक पडतो. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागद चिकटवणे हा स्वस्त उपायही वाईट नाही.

नवरा-बायको दोघेही कामावर आणि वन बीएचकेला कुलूप, हा नेहमीचा प्रसंग. मोठा कुत्रा सहाएक तास एकटा राहू शकतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी तीन तासही धरवत नाही. कुलूप लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात दार खरवडणे, लाळ गळणे, हुंदके दिल्यासारखे रडणे, जागीच शी होणे ही एकटेपणाच्या भीतीची लक्षणे आहेत, सूड नव्हे. त्यावर शिक्षेचा उपयोग शून्य. अर्धे मिनिट, दोन मिनिटे, दहा मिनिटे असे बाहेर राहण्याचे अंतर वाढवत नेणे आणि गंभीर असेल तर डॉक्टरांकडून औषध, हाच रस्ता. कंत्राटावर आलेल्या चार मुलांनी कॉट बेसिसच्या खोलीत पिल्लू आणणे मात्र टाळलेलेच बरे. कंत्राट अकरा महिन्यांचे, कुत्रा चौदा वर्षांचा.

आहाराचा हिशेब सोपा आहे, पण घराघरांत तो जुळत नाही. नसबंदी झालेल्या सहा किलोंच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ४०० उष्मांक पुरतात. तूप लावलेली एक पोळी शंभराच्या पुढे जाते आणि ग्लुकोजचे एक बिस्किट सुमारे २५ उष्मांकांचे. चहाच्या वेळी चार माणसांनी एकेक बिस्किट दिले की दिवसाच्या अन्नाचा चौथा हिस्सा साखर-मैद्यात गेला. दूध-पोळी हा मराठी घरातला जुना आहार पोट भरतो, पण प्रथिने आणि कॅल्शियम यांत उणा पडतो. शिवाय अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही. घरचेच द्यायचे असेल तर शिजवलेले चिकन किंवा अंडे, भात किंवा पोळी, भोपळा-गाजर आणि डॉक्टरांनी सांगितलेली कॅल्शियम-जीवनसत्त्वांची पूड, असे वजनावर मोजून द्यावे. शिजवलेले हाड देऊ नये, ते टोकदार फुटते. फासळ्या हाताला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि वरून पाहिल्यास कंबर आत गेलेली दिसते, हे योग्य वजन. कांदा, लसूण, द्राक्षे-मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेले च्युइंगगम ही कुत्र्याला विषे आहेत. चाकण ही कांद्याची मोठी बाजारपेठ. इथल्या घरातल्या उरलेल्या रश्शात कांदा-लसूण नाही असे होत नाही, म्हणून रस्सा-भात बंदच.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. पार्व्हो, डिस्टेंपर, कावीळ, लेप्टो यांची एकत्रित लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारद्रव्ये आधीच्या लसी निकामी करू शकतात, म्हणून शेवटचा डोस सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच चुकवला जातो. पार्व्हो १९७८च्या सुमारास जगभर पसरलेला विषाणू आहे. मलूल पिल्लू, सततची उलटी, दुर्गंधीयुक्त रक्ताळ हगवण दिसली की सलाईनशिवाय गत नसते, आणि लहान चणीच्या पिल्लाच्या हातात तास मोजकेच असतात. हा विषाणू फरशीत, अंगणात महिनोन्‌महिने टिकतो. पार्व्होने पिल्लू गेलेल्या घरात लगेच दुसरे आणू नये. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरतो. पवना-इंद्रायणीच्या काठच्या वस्त्या आणि गोदामांच्या आसपासची डबकी पावसाळ्यात धोक्याची. हा आजार कुत्र्याकडून माणसालाही होतो, त्यामुळे त्याची लस दरवर्षी घेणे बरे.

रेबीजवर एकदा लक्षणे दिसल्यावर इलाज नाही. पाळीव कुत्रा चावला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात लस मिळते. हळद, चुना, मिरची लावण्यात वेळ दवडणारे आजही आहेत.

या पट्ट्यातल्या कुत्र्यांचा सर्वांत हट्टी शत्रू मात्र गोचीड. ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस ही तपकिरी गोचीड जंगलात नव्हे, घरात राहणारी आहे. ती तीन वेळा कुत्र्याच्या अंगावर चढते आणि दर वेळी रक्त पिऊन खाली उतरते, भिंतीच्या फटीत, चौकटीमागे, वायरिंगच्या पट्टीत कात टाकते. एक मादी हजारांवर अंडी घालते, आणि रक्त न मिळालेली गोचीड कित्येक महिने तग धरते. कुत्र्याच्या अंगावर चार गोचिडी दिसल्या तर बाकीचा संसार भिंतीत आहे असे समजावे. बांधकामाची वाळू, पार्किंगमधले मोकाट कुत्रे, जिन्याखालची अडगळ या सगळ्यांतून ती वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटपर्यंत सहज पोहोचते.

तिच्यामार्फत एर्लिकिया कॅनिस हा जीवाणू आणि बबेसिया हे रक्तातले परजीवी शिरतात. सर्वसाधारण भाषेत दोन्ही 'टिक फिव्हर'. सुरुवात फसवी असते. कुत्रा एक वेळ खात नाही, जिना चढायला कुरकुरतो, अंग तापते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे हाताला गरम लागणे हा पुरावा नव्हे, थर्मामीटर हवा. पुढे हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येते, पोटावर जांभळे ठिपके उठतात, बबेसियात लघवी चहासारखी होते. रक्ततपासणीत प्लेटलेट्स घसरलेल्या दिसतात. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चार आठवडे द्यावे लागते आणि इथेच घोळ होतो. तिसऱ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत जेवतो, घरचे गोळ्या थांबवतात. आजार मात्र महिनोन्‌महिने दडून राहतो आणि कधी परततो तो थेट अस्थिमज्जा पोखरूनच. बबेसिया गिब्सोनीला डॉक्सिसायक्लिन एकटे पुरत नाही, त्याची औषधे वेगळी. म्हणून 'मागच्या वेळची गोळी' मेडिकलमधून आणून देणे धोक्याचे.

गोचीड उपटताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, हाताने चिरडू नये, रॉकेल लावू नये. महिन्याने किंवा तीन महिन्यांनी द्यायच्या वजनानुसार गोळ्या आज सर्वांत खात्रीच्या. फेपरे येणाऱ्या कुत्र्यांना त्या डॉक्टरांना विचारूनच. त्याच वेळी घरातल्या फटी बुजवणे, अंथरूण गरम पाण्यात धुणे, भिंतींवर फवारणी हेही हवे, नाहीतर गोळीचा असर संपला की नवी फौज तयार. गुरांच्या गोचिडांसाठी मिळणारे औषध अंदाजाने पातळ करून कुत्र्याला चोळण्याची खेड तालुक्यातल्या गोठ्यांशी नाते असलेल्या घरांतली सवय लहान कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. आयव्हरमेक्टिनचेही तसेच: काही मिश्र कुत्र्यांत कोलीवंशाचे असे जनुक असू शकते, की जास्तीच्या मात्रेने हे औषध मेंदूत शिरते.

लहान शरीराचे म्हणून काही आजार ठरलेले. बेचाळीस दात मोठ्या कुत्र्याइतकेच, जबडा मात्र छोटा; दाटीत अन्न अडकते, कीट चढते, आणि तिशीच्या माणसाएवढे वय व्हायच्या आत हिरड्या सुजतात. सात महिन्यांनंतरही दुधाचे सुळे राहिले तर काढून घ्यावेत. दात रोज घासावेत, माणसाच्या टूथपेस्टने नाही. गुडघ्याची वाटी सरकण्याने कुत्रा धावता धावता एक मागचा पाय उचलून दोन ढांगा टाकतो आणि परत नीट चालतो. घरचे त्याला 'नखरा' म्हणतात. गुळगुळीत टाइल्सवर हे बळावते, म्हणून सोफ्याजवळ रबरी चटई आणि वजनावर ताबा. बदकासारखा खोकला हे श्वासनलिका चपटी होण्याचे लक्षण. अशा कुत्र्याला गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस हवा. खरे तर सगळ्याच लहान कुत्र्यांना तोच बरा. शिह त्झूचा अंश असलेल्यांचे डोळे बाहेर आलेले असतात. डोळा मिचकावणे, पाणी येणे हे त्याच दिवशी दाखवावे.

या भागाची काही विषे वेगळी. ट्रक-टर्मिनल आणि गॅरेजजवळ सांडलेल्या कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल गोडसर असते. पाच किलोंच्या कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करायला त्याचे दोन मोठे चमचे पुरतात. आधी तो झिंगल्यासारखा चालतो, मग सावरल्यासारखा वाटतो, आणि दोन-तीन दिवसांत लघवी बंद होते. उतारा पहिल्या काही तासांतच लागू पडतो. गोदामांतले उंदराचे औषध, बुटांना लागून घरी आलेले ऑईल, लेथखालचे लोखंडी कुरळे तुकडे ही आणखी कारणे. माणसाची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नये.

नसबंदीला विरोध करणारी घरे 'एकदा तरी पिल्ले होऊ द्या' म्हणतात. वैद्यकीय दृष्टीने त्याचा कुत्रीला फायदा नाही. लहान चणीच्या कुत्रीला बाळंतपणात पिल्लू अडकण्याचा धोका अधिक, आणि त्यात मिश्र कुत्रीचा जोडीदार कोण होता हे बहुधा कोणीच सांगू शकत नाही. नसबंदी न केलेल्या कुत्रीला माजानंतर एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो: भरमसाट पाणी पिणे, उलटी, मलूलपणा. ते तातडीचे ऑपरेशन असते. मोकळ्या सुटलेल्या नरांत जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ होते. संभोगातून पसरणारा हा कर्करोग व्हिंक्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी बरा होतो, पण मुळात टाळता येतो.

उन्हाळ्यात चाकणचा पारा चाळिशीकडे जातो. फिरायला नेण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवता आली तरच निघावे. स्पिट्झच्या दुपदरी केसांचा गोटा करून घेणे चुकीचे. तो थर उन्हापासूनही वाचवतो, आणि काहींचे केस पुन्हा नीट उगवत नाहीत. विंचरणे पुरते. पावसाळ्यात कान आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात.

दिवाळीत दोन संकटे एकदम येतात. तळणाने स्वादुपिंड सुजते. शंकरपाळी, चकली, शेव खाऊन लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी उलट्या करणारे लहान कुत्रे दवाखान्यांना नवे नाहीत. दुसरे संकट फटाक्यांचे. माणसाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांपर्यंत. आतल्या खोलीत पडदे ओढून, पंखा-टीव्ही चालू ठेवून, कपाटाखाली त्याची जागा करून द्यावी. तो जवळ आला तर कुरवाळल्याने भीती 'वाढते' ही अंधश्रद्धा आहे. ज्याला दरवर्षी त्रास होतो त्याची औषधे आठवडाभर आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावीत. याच दिवसांत कारखाने सुट्टीला बंद होतात आणि निम्मे शहर मराठवाडा, खानदेश, विदर्भाकडे निघते. कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचे तर खोकल्याची लस आधी हवी. गावी न्यायचे तर गोचिडांची गोळी निघण्यापूर्वी. गावातल्या मोकळ्या कुत्र्यांसमोर फ्लॅटमधल्याला एकदम सोडू नये.

महापालिका हद्दीत कुत्रा पाळण्यासाठी परवाना लागतो आणि त्याला रेबीज लसीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. सोसायटीने बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाचे २०१५चे मार्गदर्शन आहे. साखळी आणि शी उचलणे ही मात्र पाळणाऱ्याची जबाबदारी, आणि सोसायट्यांतली निम्मी भांडणे तिथूनच सुरू होतात.

लहान मिश्र कुत्रा बारा ते सोळा वर्षे जगतो. आठव्या वर्षापासून वर्षातून दोनदा तपासणी, रक्त आणि लघवी पाहावी. हृदयाची झडप गळू लागली की गाढ झोपेत मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास मोजले जातात. ही मोजणी घरी होते आणि ती लिहून ठेवल्यास डॉक्टरांना औषध ठरवायला सोपे जाते. पाणी जास्त पिणे मूत्रपिंड किंवा मधुमेहाकडे बोट दाखवते. म्हाताऱ्या कुत्र्याचे रात्री भटकणे, कोपऱ्यात अडकणे, ओळख विसरणे हा मेंदूचा आजार असू शकतो आणि त्यावर आहार व औषधाने काही काळ आराम मिळतो. वेदना आटोक्यात येत नसतील, खाणे-उठणे थांबले असेल तर पशुवैद्य भूल देऊन दयामरण देऊ शकतात. निर्णयासाठी चांगल्या आणि वाईट दिवसांची नोंद ठेवावी. आठवड्यात वाईट दिवस जास्त होऊ लागले की डॉक्टरांशी हे बोलणे पुढे ढकलू नये.